दिल्लीचा तट सर करण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रथम ट्रेकिंगचे बूट घरी ठेवावेत. दिल्लीच्या तटाला चढण नाही, पायथ्याला पिठलं-भाकरीवाल्या मावशी नाहीत, आणि 'हर हर महादेव'ची आरोळी ठोकल्यास रिक्षावाला भाडे वाढवतो.

मोहिमेचा आरंभ काश्मिरी गेट मेट्रो स्थानकात करावा. इथे तीन मार्गिका मिळतात. बरोबर दारातून बाहेर पडलात की निम्मी लढाई जिंकली. खरा दरवाजा जवळच आहे. १४ सप्टेंबर १८५७ रोजी उठावकऱ्यांकडून दिल्ली परत घेताना इंग्रजांनी तो सुरुंगाने उडवला. तोफगोळ्यांचे वण अजून दिसतात. फोटो काढावा, पण पाठीमागे बस येणार हे गृहीत धरावे.

आता मराठी माणसाच्या मनात 'यात आपले काय?' हा प्रश्न येईलच. उत्तर तोंडपाठ असावे. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला. आत इंग्रज अधिकारी ऑक्टरलोनी आणि बर्न, हाताशी मोजके शिपाई, आणि शाहजहानचा तट जागोजागी ढासळलेला. तरीही तो पडला नाही; आठवड्याभरात वेढा उठला. पण ईस्ट इंडिया कंपनीने धसका घेतला आणि पुढे बुरूज मजबूत करून घेतले. त्याच बुरुजांवरच्या तोफा १८५७ मध्ये उठावकऱ्यांच्या हाती पडून तिच्यावरच उलटल्या, आणि साहेब जून ते सप्टेंबर बाहेर रिजच्या टेकडीवर उन्हात तळत बसला. हे श्रेय होळकरांच्या खाती जमा करावे. गाइड करत नाही, म्हणून आपणच मोठ्याने करावे.

रिजवर साहेब राहिला तोही मराठी माणसाच्या बंगल्यात! दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू, कागलकर घाटग्यांपैकी हिंदुराव, १८५५ मध्ये वारले आणि दोनच वर्षांत त्यांच्या घराची आघाडीची चौकी झाली. आता तिथे हिंदुराव रुग्णालय आहे. केसपेपर काढून इतिहास विचारू नये; मागे रांग असते.

मग दर्यागंजात अन्सारी रोडवर तटाचा तुकडा आणि मार्टेलो पद्धतीचा गोल बुरूज पाहावा. रस्ता प्रकाशकांचा असल्याने पुस्तकांचे गठ्ठे अंगावर येतात, त्यांना वाट द्यावी.

नॉयडा शेवटी ठेवावे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या कवायती पलटणींना यमुनेच्या या काठावर हरवले. त्या लढाईचे स्मारक गोल्फच्या मैदानात आहे. आवार क्लबचे, तेव्हा ओळखीचा सभासद आधी गाठावा. चेंडू सूं करत आला तर स्मारकाआड बसावे. १८०३ मध्ये आपल्या लोकांना ही सोय नव्हती.