राशीचे अण्णा

गडहिंग्लजात आठवडाबाजाराच्या दिवशी एखादा इसम मिरचीचा दर कोसळला, म्हैस आटली किंवा धाकट्या भावाने वाटणीचा दावा लावला, अशा कोणत्याही सांसारिक आपत्तीने व्याकूळ होऊन जाणत्या माणसाच्या कट्ट्यावर येऊन टेकला, तर त्याची कैफियत निम्मीशिम्मी होते न होते तोच त्याला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "रास कुठली रं तुझी?" हा प्रश्न विचारणारे गृहस्थ प्रत्येक पेठेत निदान एक असतात. त्यांची आडनावे निराळी, जाती निराळ्या, पगड्या-टोप्या निराळ्या. परंतु वृत्ती एकच, आणि या सरहद्दीच्या मुलुखात वडीलधाऱ्याला अण्णा म्हणण्याचा रिवाज असल्यामुळे आपणही या समस्त वर्गाला अण्णाच म्हणू.

माझ्या डोळ्यांसमोर असलेले अण्णा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. ते कोल्हापूर दरबारच्या चाकरीत लागले, १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा दप्तरासकट मुंबई सरकारकडे वर्ग झाले, आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारचे होऊन पुढे यथाकाल निवृत्त झाले. अशा रीतीने एकाच खुर्चीवर बसून तीन सरकारांचे अंमल पाहिल्यामुळे, सरकारे बदलतात, हुकूम रद्दबातल होतात, परंतु चंद्राचा एका राशीतला सव्वादोन दिवसांचा मुक्काम कोणत्याही परिपत्रकाने कमीजास्त होत नाही, अशी त्यांची खात्री पटली असावी. ते ज्योतिषी नव्हेत. दक्षिणा घेत नाहीत, खडे सुचवीत नाहीत, राहुकेतूंच्या भानगडीत पडत नाहीत. फार काय, पुढे काय होणार हे सांगण्याची त्यांना मुळीच हौस नाही. जे होऊन गेले ते कोणत्या राशीमुळे झाले, एवढाच त्यांच्या अधिकाराचा प्रांत.

नऊ ग्रहांपैकी अण्णांनी चंद्रच का पत्करला, याचे शास्त्रोक्त उत्तर असे की पुरुषसूक्तात चंद्र हा विराट पुरुषाच्या मनापासून झाल्याचे सांगितले आहे, म्हणून फलज्योतिषात तो मनाचा कारक ठरला, आणि जन्मसमयी तो ज्या राशीत असेल त्या राशीसारखा मनुष्याचा स्वभाव घडतो. मला मात्र यामागे दप्तरी सोय अधिक दिसते. लग्नरास दर दोन तासांच्या सुमारास बदलते, आणि इतक्या बिनचूकपणे जन्मवेळ सांगणारी सुईण या तालुक्यात पूर्वी निपजली नाही. उलट सूर्य एकेका राशीत महिनाभर ठाण मांडून बसतो. त्यामुळे मुंबईहून सुट्टीला आलेला पुतण्या इंग्रजी वर्तमानपत्रातले भविष्य वाचून "मी लिओ" असे सांगू लागला की, महिनाभरात जन्मलेल्या यच्चयावत पोरांना एकाच कलमाखाली घालणाऱ्या त्या साहेबी शास्त्राची अण्णांना कीव येते. चंद्र तेवढा माणसाच्या स्मरणशक्तीच्या बेताने चालतो. साल माहीत असले आणि "हिरण्यकेशीला पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरं घरला यायच्या वक्ताला" एवढी आईची जबानी मिळाली, की अण्णा जुने पंचांग काढून रास मुक्रर करतात.

शाळेच्या दाखल्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पोर शाळेत घालताना मास्तरांनी ज्याच्यात्याच्या नावापुढे १ जून ही जन्मतारीख ठोकून दिल्यामुळे, दाखले प्रमाण मानावेत तर तालुक्यातील कर्त्या पुरुषांचा एक मोठा जथा त्याच तारखेला अवतीर्ण झाला असे कबूल करावे लागेल. अशा बेवारशी जन्मांसाठी शास्त्रकारांनी अवकहडा चक्राची तजवीज करून ठेवली आहे : २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ चरण, आणि प्रत्येक चरणाला नावाचे एक आद्याक्षर. नावावरून अक्षर, अक्षरावरून नक्षत्र आणि नक्षत्रावरून रास. या चक्रातील ज्या बाबीने अण्णांचे कारकुनी अंतःकरण भरून येते ती अशी की, त्यात ङ, ञ आणि ण या अक्षरांचीही व्यवस्था लावलेली आहे. ङ वरून नाव ठेवलेला मनुष्य हिरण्यकेशीच्या काठी आजतागायत आढळला नाही. परंतु उद्या कोणी हजर झालाच तर त्याचे आर्द्रा नक्षत्र आणि मिथुन रास आधीच मंजूर होऊन बसली आहे. जागा मंजूर, उमेदवार नाही, आणि तरीही जागा कमी केलेली नाही, असे उदार खाते अण्णांना तीन सरकारांत कोठे पाहायला मिळाले नव्हते.

आता या शास्त्राचा ते व्यवहारात कसा अंमल करतात ते पाहण्यासारखे आहे. मिरचीच्या सौद्यात अडत्याने तोंडातून चकार शब्द न काढता भाव पाडला, तर तो वृश्चिकेचा. दर पडलेला पाहूनही पोती परत न नेता "काळभैरी बघून घेईल" म्हणून चहा पिणारा शेतकरी मीनेचा. ऊस कारखान्याला घालावा की गुऱ्हाळाला, याचा निर्णय तोड संपेपर्यंत न करणारा तुळेचा. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉल चालू असता गोलकीपर गोल सोडून पुढे धावला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून आत गेला, तेव्हा सगळे मैदान त्याच्या नावाने शंख करीत असताना अण्णा शांतपणे म्हणाले, "मेषेच्या पोराला गोलात उभा करायचा नसतो. तिथं कर्केचा पाहिजे. घर सोडत न्हाई." पुढे चौकशी करता त्या मुलाची रास धनु निघाली. अण्णा डगमगले नाहीत. "तीही अग्नितत्त्वाचीच की," असे म्हणून त्यांनी प्रकरण दाखल दप्तर केले.

येथे वाचकांच्या ध्यानात येईल की अण्णा राशीवरून माणूस ओळखीत नसून माणसावरून रास ओळखतात. आणि चाळीस वर्षे ज्याने खातेदारांच्या वारसनोंदी, फेरफार आणि तक्रारअर्ज वाचले, त्याला अमुक घराण्यातला मनुष्य कोणत्या प्रसंगी कसा वागेल हे सांगायला आकाशाकडे पाहण्याचे प्रयोजन नव्हते. चंद्राचे नाव पुढे करण्यात त्यांची सभ्यता होती. "तुझ्या बापाचाही स्वभाव असाच तिरसट होता" असे सांगितले तर भांडण होते. "तुझा चंद्र वृश्चिकेत नीचेचा पडला, तू तरी काय करणार" असे म्हटले तर तोच मनुष्य डोळे पुसतो आणि भावाशी तडजोडीला कबूल होतो. वाटणीचे असे किती दावे कोर्टाची पायरी न चढता अण्णांच्या कट्ट्यावर निकालात निघाले, त्याची नोंद मात्र कोणत्याच बारनिशीत नाही.

साडेसातीचा हिशेबही त्यांनी याच दयाबुद्धीने मांडलेला आहे. जन्मराशीच्या मागची रास, खुद्द जन्मरास आणि तिच्या पुढची, या तिन्हींतून शनी अडीच-अडीच वर्षे फिरतो, म्हणजे कोणत्याही वेळी तीन राशींची माणसे साडेसातीत असायचीच; त्यात चौथा आणि आठवा शनी चालू असलेल्या दोन राशी मिळवल्या की बारांपैकी पाच राशींना सबब तयार असते. उरलेल्या सात राशींसाठी घातचंद्र आहे, बारावा चंद्र आहे, आणि तेही लागू पडत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी साडेसाती आहे. अण्णांच्या राज्यात निरुपाय होऊन स्वतःला दोष द्यावा लागला, असा मनुष्य अद्याप सापडलेला नाही. एकदा एका तरुण मास्तरांनी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आणून, वेदांग ज्योतिषात नक्षत्रे आहेत पण मेष-वृषभादी राशी नाहीत, त्या मागाहून आल्या, असे दाखवून दिले. अण्णांनी ते पान चष्मा लावून वाचले, परत केले आणि विचारले, "कूळकायदाही मागाहूनच आला, मास्तर. म्हणून लागू व्हायचा राहिला काय?"

त्यांच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी लागली ती एका सोयरिकीत. मुलगा इथला, मेष राशीचा, अश्विनी नक्षत्राचा. मुलगी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडची, आणि सोलापूरच्या दाते पंचांगाप्रमाणे तिची रास कन्या, चित्रा नक्षत्राचा दुसरा चरण. मेषेपासून कन्या सहावी आणि कन्येपासून मेष आठवी, म्हणजे उघड उघड षडाष्टक. छत्तीस गुणांपैकी राशिकूटाचे सात गुण एका फटक्यात जप्त. मुलाच्या आजीने पदर डोळ्यांना लावण्याची तयारी केली, तोच मुलीच्या मामांनी पिशवीतून टिळक पंचांगावरून केलेली पत्रिका काढली. तीत मुलीची रास तूळ! मेष आणि तूळ म्हणजे समसप्तक, आणि साती गुण परत रुजू.

लबाडी कोणाचीच नव्हती. राशिचक्राचा आरंभ आकाशात कोठून धरावा याविषयी दोन पक्ष आहेत. एक चित्रा ताऱ्यावरून मोजणारा, ज्याचा पुरस्कार बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी केला. दुसरा रैवत पक्ष, ज्याच्या पाठीशी लोकमान्य उभे राहिले. दोहोंच्या मोजणीत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. मुलीचा चंद्र कन्येच्या शेवटच्या अंशांत, बांधालगत उभा. मोजणीची साखळी चार अंश सरकली की तो शेजारच्या गटनंबरात. तिथेच चित्राचा तिसरा चरण लागतो, म्हणून नक्षत्र तेच, नाडी तीच, गण तोच. बदलली ती फक्त रास. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात कौल दिला तो चित्रा पक्षाच्या बाजूने. आणि पेन्शन खाणाऱ्या अण्णांना सरकारी अहवाल बंधनकारक वाटणे स्वाभाविक होते. सगळी बैठक त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. अण्णांनी सुपारी कातरली, दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि फैसला दिला :

"मुलीचा जन्म घाटाखालचा. नोंद जिथली, पंचांग तिथलं ग्राह्य. तेव्हा मुलगी तूळ."

"आणि लग्न होऊन घाट चढून वर आली म्हंजे, अण्णा?" आजीने विचारले. "इथं तर दाते चालतंय."

"लग्नात पोरीचं नाव बदलता न्हवं, आक्का? मग रास बदलली तर कुठं बिघडलं?"

वराचा देवगण आणि वधूचा राक्षसगण ही बाब शिल्लक होती. तिच्यावर अण्णांनी "सर्वत्र असेच आढळते" असा तोंडी शेरा मारला, त्याबरोबर माजघरातून पातेले आदळल्याचा आवाज आला, आणि सुपारी फुटली.

पातेले काकूंचे होते. काकूंची रास विचारण्याचे धैर्य कट्ट्यावर कोणाला झालेले नाही, आणि अण्णांची रास कोणती हे फक्त काकूंना माहीत असून ती त्या सांगत नाहीत. शेजारणींनी फारच आग्रह धरला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, की चंद्र बिचारा सव्वादोन दिवसांनी तरी जागचा हलतो. आमच्याकडे तीस वर्षे तीच आरामखुर्ची, तेच पंचांग आणि दर तासाला चहा.

१९६९ सालच्या जुलैत मनुष्य चंद्रावर उतरला, ती बातमी घेऊन कॉलेजातली चारसहा पोरे मुद्दाम कट्ट्यावर आली. आता अण्णांचा चंद्र तुडवला गेला, आता म्हातारा काय बोलतो, अशी त्यांची उमेद. अण्णांनी पंचांग उघडून चंद्र त्या दिवशी कन्येत असल्याची खातरजमा केली आणि विचारले, "उतरला त्याचं नाव काय?"

"नील आर्मस्ट्राँग."

"नी," अण्णा बोटे मोजीत म्हणाले, "ना, नी, नू, ने. अनुराधा, दुसरा चरण. रास वृश्चिक. चंद्र नीचेचा." आणि पोरांकडे समाधानाने पाहत पुढे म्हणाले, "म्हणूनच हात पोचला. खालीच होता की त्याचा चंद्र."

एका चलाख पोराने तेवढ्यात चक्र पाठ केले होते. तो म्हणाला, "पण अण्णा, दुसराही उतरला न्हवं? एडविन ऑल्ड्रिन. ए म्हंजे कृत्तिकेचा चौथा चरण, रास वृषभ. तिथं तर चंद्र उच्चीचा! तो कसा उतरला?"

"लगेच उतरला?"

"न्हाई. एकोणीस-वीस मिनिटांनी मागनं."

"उंचावरनं शिडी उतरायची म्हंजे," अण्णा म्हणाले, "वेळ लागणारच की."