आयते पूर्वज

वाशीमकराला पूर्वजांची ददात असायचं कारण नाही. वत्सगुल्म म्हणून हे गाव वाकाटकांची राजधानी होतं, पुढे भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी इथे बालाजीचं देऊळ बांधलं, पलीकडे कारंज्यात नृसिंहसरस्वती जन्मले. एवढा ऐवज दारात असताना कुलवृत्तान्त लिहायला निघालेला माणूस वही घेऊन बाहेर पडत नाही. मोबाईल घेऊन पलंगावर पडतो.

पद्धत सोपी आहे. आडनावाच्या आसपासचं एखादं घराणं इंटरनेटवर शोधायचं. कुणा निवृत्त मास्तरांनी कोतवाल बुकाच्या नकला काढून, त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या वह्या चाळून, भाटापुढे मांडी घालून लिहिलेली पानं तिथे असतातच. मास्तरांचं नाव खोडायचं, आडनाव बदलायचं, वर ‘संशोधन व संकलन’ लिहायचं आणि खाली स्वतःचा फेटेवाला फोटो डकवायचा. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धडाधड अंगठे उठतात. “बाप्पा, किती मेहनत घेतली भाऊनं!” मेहनत झालेली असतेच. तीही अंगठ्याचीच.

अडचण एकच, आडनाव सगळीकडे बदलायचं राहून जातं. त्यामुळे पहिल्या पानावर मूळ पुरुष वाशीमकडचा पाटील असतो, चौथ्या पानावर त्याचं आडनाव भलतंच होतं आणि सातव्या पानावर तो रत्नागिरीच्या खाडीत होडी हाकतो. पानिपतावरचा एकच वीर तीन घराण्यांत, त्याच शब्दांत आणि शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसकट, धारातीर्थी पडतो. अब्दालीलासुद्धा एवढं जमलं नव्हतं.

हटकलं तर उत्तर तयार: “इतिहास काय कोणाच्या बापाचा हाय?” कायद्यानं हे अर्धं खरं आहे, आणि चोराला अर्धंच पुरतं. कोण कुणाचा मुलगा, कधी जन्मला, कधी गेला, या माहितीवर कुणाची मालकी नाही. पण ती जुळवून ज्यानं वाक्यं लिहिली, ती वाक्यं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं त्याची; तो गेल्यावरही साठ वर्षं. कलम ५७ त्याला लेखक म्हणून नाव सांगण्याचा हक्क देतं, आणि कॉपीराइट विकून टाकला तरी हा हक्क उरतो. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. वाकाटकांचे अभ्यासक वा. वि. मिराशी १९८५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांतली पानंच्या पानं २०४५ अखेरपर्यंत उचलता येणार नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये गेले. त्यांच्या मजकुरावरचा हक्क कधीच संपला. खुशाल छापा. फक्त ‘राजवाडे’ हे नाव छापतानाच शाई का संपते, ते कळत नाही.

मिराशींचं नाव उगाच घेतलं नाही. वाशीमचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्यात वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीनं आपली वंशावळ नीट सांगितली आहे: पहिला प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा मी. तोवर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखात सर्वसेनाचं नाव ‘रुद्रसेन’ असं वाचलं गेलं होतं, आणि वत्सगुल्माची अख्खी शाखाच मुख्य घराण्यात हरवली होती. मिराशींनी आधीचं वाचन उतरवून न घेता मूळ लेख पुन्हा वाचला. ते आपल्या ग्रुपवर असते तर सर्वसेन अजून बेपत्ता असता, आणि वर पन्नास अंगठे.

बरं, या मंडळींना पुरावा कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. हेच भाऊ ओबीसी दाखल्यासाठी जात पडताळणी समितीपुढे जातात तेव्हा वंशावळीचं शपथपत्र करतात आणि आजोबांची १९६७ पूर्वीची नोंद मिळावी म्हणून शाळा, तहसील, सगळे उंबरठे झिजवतात. पानिपतचा वीर तिथे कुणी काढत नाही. समिती कागद मागते. भावकी मागत नाही.

तेव्हा जाणत्यांनो, पुढची वंशावळ ग्रुपवर येऊन पडली की अंगठा उठवण्याआधी एवढंच विचारा: “भाऊ, हे कुठून घेतलं?” उत्तरात एखादं नाव आलं, तर त्या माणसाला फोन लावा. मास्तर बहुधा अजून हयात असतात.