भाड्याची खोली, विकतचा फोन

वरळीच्या बीडीडी चाळीत भिंतीला खिळा ठोकणं हा पराक्रम समजला जाई. 1920 च्या दशकात गव्हर्नर लॉइडसाहेबांच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने काँक्रीट असं ओतलं होतं की खिळा वाकायचा, हातोडीचा दांडा निखळायचा, सगळा माळा जागा व्हायचा आणि भिंत जिथल्या तिथे. तरीही आमच्या शेजारच्या नानांनी 160 चौरस फुटांत पोटमाळा चढवला, मोरीला कट्टा घातला, दाराच्या वर देवघर बसवलं. एका इमारतीत 80 खोल्या, साऱ्या एकाच मापाच्या. पण आत शिरलं की एकीसारखी दुसरी नाही. मालक सरकार, नाना भाडेकरू. "पोटमाळ्याला परवानगी कोणाची घेतलीत?" असं विचारलं की नाना चष्मा पुसायला घेत.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यांत नाना होते. आता 500 चौरस फूट, स्वतःच्या मालकीचे. तिथेच परवा फोनवरून रण माजलं.

नानांचा फोन पाच वर्षांचा. काच शाबूत, बॅटरी ठीक. पण कंपनीने अपडेट बंद केलेले. नातू इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "आजोबा, फोन मेलेला नाही, कंपनीने त्याचं श्राद्ध घातलंय. मी ओपन सोर्स सिस्टीम टाकून देतो." सुनेच्या हातात आयफोन. ती म्हणाली, "नसते उद्योग नकोत. आमच्याकडे सगळं बंद, म्हणून निर्धास्त."

नातवाने मग कूळकथाच लावली. 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला : वाचा, बदला, वाटा. त्याच गाभ्यावर उभं राहिलेलं अँड्रॉइड गूगलने नोव्हेंबर 2007 मध्ये जाहीर केलं. त्याचाही मूळ कोड खुला; पण वरच्या गूगलच्या सेवा, नकाशे, ॲपचं दुकान मात्र बंद दाराआड. आणि आयफोनच्या पायातही डार्विन नावाचा खुला कोड आहे म्हणे. म्हणजे दोन्हीकडे जोतं सार्वजनिक आणि वरचे मजले खाजगी, असं मी म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही.

"कोड खुला आहे ना, मग घाल की!" नाना म्हणाले.

"आधी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागेल. कंपनीकडे अर्ज करायचा, सात दिवस थांबायचं."

2017 मध्ये भूमिपूजन पाहून 2025 मध्ये किल्ली घेतलेल्या माणसाला सात दिवस काय! पण नाना वेगळ्याच गोष्टीवर अडले. "फोन मी रोख मोजून घेतला ना? भाड्याच्या खोलीत मी पोटमाळा घातला, आणि विकत घेतलेल्या वस्तूला हात लावायला अर्ज?" यावर नातवाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

सुनेची शंका मात्र अगदीच पोकळ नव्हती. खुलं म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे कोणाचं, हे चाळीच्या सामायिक संडासाने आम्हाला केव्हाच शिकवलंय. वापरायला सगळा माळा, धुवायची पाळी आली की निम्मे गावाला. 2014 मध्ये हार्टब्लीडची भानगड निघाली ती याच जातीची. ओपनएसएसएल या खुल्या कोडवर जगातल्या असंख्य वेबसाइटांच्या कड्या-कोयंड्यांची भिस्त, आणि तो सांभाळायला पूर्णवेळ राबणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. भोक दोन वर्षं तसंच राहिलं. कोड उघडा होता, बघणारं कोणी नव्हतं. मात्र बंद दाराआड अशी भोकं नसतात असं थोडंच आहे? तिथे फक्त बाहेरच्याला डोकावता येत नाही.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द, त्यामुळे तिकडे या विषयात जन्माचा घोळ. मराठीला तो घोळ नाही. पण आपल्याला मुक्तापेक्षा फुकटच चटकन ऐकू येतं. मुंबईच्या 'एक टाइप'ने देवनागरीचा एक देखणा फाँट केला आणि सर्वांना खुला दिला. त्याचं नावच 'मुक्ता'. लग्नपत्रिकेत वापरा, बॅनरवर वापरा, हवं तर बदलून घ्या. पैसे पडत नाहीत हे सगळ्यांना चटकन समजतं. बदलून घेण्याचं नाव कोणी काढत नाही.

आठव्या दिवशी कुलूप निघालं. नातवाने रात्रभर बसून नवी सिस्टीम घातली. सकाळी फोन पोरासारखा पळू लागला. नाना खूश. मग त्यांनी बँकेचं ॲप उघडलं. ॲपने कुलूप तोडल्याचं ओळखलं, हा फोन सुरक्षित नाही म्हणून कळवलं आणि मिटून बसलं.

हल्ली नानांकडे दोन फोन असतात. पहिला त्यांच्या मालकीचा. बेस्टचं बिल ते दुसऱ्यावरून भरतात.