साइक्ससाहेबांच्या मागावर

पुण्याहून निघालेल्या आमच्या बसच्या काचेवर ‘कर्नल साइक्स यांच्या पाऊलखुणांवर’ असा फलक होता. मांजरसुंब्याला चहा पिताना एका ट्रकवाल्याने तो वाचला आणि विचारलं, “हे कर्नल कुठल्या पक्षाकडून उभे हायेत?”

बीड जिल्ह्यात हा प्रश्न रीतसरच, आणि तसा चुकीचाही नव्हता. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ साली त्याला मुंबई सरकारने आकडेवारी गोळा करायला नेमलं. दख्खनची माणसं, पिकं, पाऊस मोजता मोजता तो पक्षीही मोजू लागला. दुर्बिणीपेक्षा बंदुकीवर भिस्त जास्त, त्यामुळे मोजलेला पक्षी सहसा पुन्हा मोजावा लागत नसे. पुढे हे साहेब विलायतेत ॲबर्डीनमधून चक्क खासदार झाले. ट्रकवाल्याला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “झालंच की मग.”

पाटोद्याच्या रस्त्याला लागून लिंबागणेशला उतरलो. भालचंद्र गणपतीचं दर्शन झालं आणि आमचे मार्गदर्शक (अंगात अठरा खिशांचं जाकीट, पैकी वापरात एक, तंबाखूचा) सांगू लागले, “याच माळावरून साइक्स...”

“थांबा,” इतिहासाचे एक निवृत्त मास्तर म्हणाले. “साइक्स कंपनीचा नोकर. बीड निजामाकडं. तो इथं कशाला तडमडेल?”

शांतता पसरली. बसभाडं आगाऊ भरलेल्या माणसांची शांतता फार भयंकर असते. पण मार्गदर्शक मुरलेले होते. “म्हणूनच,” ते म्हणाले, “लिंबागणेशपासून आपण सालिम अलींच्या मार्गावर आहोत! १९३१-३२ ला त्यांनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली.”

“ते लिंबागणेशला आले होते?”

“निजामाच्या राज्यात आले होते,” मार्गदर्शक ठामपणे म्हणाले. एका तिकिटात दोन थोर पुरुष मिळाल्यावर मास्तरांनीही ताणलं नाही.

ओढ्याच्या डबक्यात एक ढोकरी पाय रोवून उभी होती. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मार्गदर्शक म्हणाले, “शास्त्राच्या दप्तरी हिची पहिली नोंद साइक्सची, १८३२.” लगेच चौदा कॅमेरे वर झाले. ढोकरीला जन्मात एवढा मान मिळाला नसेल, ती घाबरून उडाली. पुढे बाभळीवर राखी रंगाचे मोठे सातभाई भांडत होते. या जातीला साइक्सने मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. अहोरात्र कलकलाट करणाऱ्या पाखराला आपल्याच वरिष्ठाचं नाव देणं ही खुशामत की सूड, यावर नायगावपर्यंत वाद रंगला. नोकरदार मंडळी एकमुखाने सुडाच्या बाजूने होती.

नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ चं, सुमारे ३० चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या त्या दऱ्यांतून चारी दिशांनी मोर ओरडत होते आणि एकही दिसत नव्हता. शेवटी दिसला तो अभयारण्याबाहेर, कुणाच्या तरी तुरीत, निवांत न्याहारी करताना.

परतताना मेंढरांचा कळप आडवा आला. मार्गदर्शकांनी मेंढपाळाला गाठलं. “मामा, लांडगा दिसतो का इकडं?”

“दिसायला काय? गेल्या पंधरवड्यात दोन कोकरं नेली.”

मंडळी हरखली. मामांना ते आवडलं नसावं. मार्गदर्शक घाईने म्हणाले, “मामा, या लांडग्याचं शास्त्रातलं नाव साइक्ससाहेबांनी १८३१ ला नोंदवलंय. आजही त्या नावापुढं त्यांचंच नाव लागतं.”

मामांनी घोंगडी सावरली. “म्हंजी लांडगा सायबाच्या नावावर हाय.”

“तसं म्हणा.”

“मंग कोकरांची भरपाई त्येनंच द्यायाची. कुठं असत्यात सायब?”

“मामा, ते १८७२ ला वारले.”

“आसंना का,” मामा म्हणाले. “वारस नोंद झाली आसंल की.”