काय हरवलंय, साहेब?

पिंपरी-चिंचवडमध्ये उधारी लपते, वय लपतं, परवानगीविना चढवलेला अख्खा मजला लपतो. पण प्लास्टिकचा एक डबा काही लपत नाही. जिओकॅशिंगचा नाद लागल्यापासून माझं हे मत पक्कं झालेलं आहे.

खेळ तसा सरळ आहे. कुणीतरी कुठंतरी एक डबा ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी मोबाइलवर ते आकडे टाकून तिथं पोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथं, होता तसा ठेवून घरी यायचं. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, ओव्हरटाइमही नाही. घरी हे समजावून सांगितलं तेव्हा, "मग मिळतं काय?" असा प्रश्न आला. "वहीत सही करायला मिळते," म्हटलं. "ती तर तुम्ही रोज गेटवर करताच की," एवढं बोलून बायको कुकर लावायला गेली.

या सगळ्याला जबाबदार अमेरिकेचं लष्कर. जीपीएसचे उपग्रह वीसेक हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि पूर्वी तुमच्या-आमच्यासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळून पाठवायचे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. २००० च्या मे महिन्यात, अगदी सुरुवातीला, क्लिंटन सरकारनं ही मिसळ बंद केली. लगेच ३ मेला ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा जगाला कळवला. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, थोडे पैसे, एक बेचकी आणि बीन्सचा एक सीलबंद डबा होता. आज जगभर असे ३० लाखांहून जास्त डबे आहेत. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी एक थेट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नेऊन ठेवला. ती जागा मला आदर्श वाटते. तिथं बघे नाहीत.

आमच्या कंपूतले सगळे कारखान्यातले. जग रविवारी डबे शोधतं, आम्ही गुरुवारी. कारण पिंपरी-भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आणि माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा आपलं डिपार्टमेंट घरी ठेवून येत नाही. स्टोअर्सवाला डबा उघडला की आधी आतल्या वस्तू मोजतो. डब्यातलं काही घेतलंत तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेवा, असा या खेळाचा शिष्टाचार आहे. परचेसवाला यावर घासाघीस करतो, समोर डब्याशिवाय कुणी नसलं तरी. क्वालिटीवाल्याला डबा सापडला नाही तर तो पाच वेळा 'का?' विचारतो आणि पुढच्या गुरुवारी मूळ कारण शोधायला पुन्हा येतो. एचआरवाला चढ लागला की खालीच थांबतो आणि ग्रुपवर सगळ्यांचं अभिनंदन करतो.

डिझाइनवाल्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि मिनिटांत देतात, आणि मिनिटांच्या पुढे दशांशचिन्ह देऊन तीन आकडे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण पावणेदोन-दोन मीटर, म्हणून शेवटचा आकडासुद्धा महत्त्वाचा. आता १८ अंश ३९.५०० मिनिटं याचा अर्थ साडेएकोणचाळीस मिनिटं, म्हणजे पुढे ३० सेकंद. ज्याचं आयुष्य मायक्रॉनमध्ये गेलं त्या या माणसानं ते ५० सेकंद म्हणून टाकले. फरक पडला सहाशे मीटरचा. तो एका मंगल कार्यालयाच्या मागच्या दारात पोचला, तिथं "या, या, पंगत बसतेच आहे," असं कुणीतरी म्हणालं, आणि डबा मिळाला नाही तरी तो जेवून आला. आमच्यापैकी त्या दिवशी खऱ्या अर्थानं काही मिळालेला तो एकटाच.

मोबाइल तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत आणून सोडतो. पुढचं काम डोळ्यांचं, आणि खरी अडचण तिथं सुरू होते. या खेळाबाहेरच्या माणसाला खेळाडू 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरवरून. मगलांच्या नजरेत न येता डबा काढावा, हा शिष्टाचारातला पहिला नियम. तो ज्यानं केला त्यानं दुर्गा टेकडीवरची सकाळ पाहिलेली नाही. तिथं एखाद्या दगडापाशी वाकलात की मिनिटभरात मागून आवाज येतो, "काय हरवलंय, साहेब?" काही नाही म्हणालात तर माणूस जात नाही, उलट त्याची खात्री पटते. "किल्ली का? गाडीची का घराची?" तेवढ्यात पलीकडच्या बाकावरचे काका उठतात. चालायला आलेल्या दोन मावशी थांबतात. त्यातली एक विचारते, "सोन्याचं आहे का काही?" आणि कुणाच्याही उत्तराची वाट न पाहता पदर खोचून पालापाचोळा सारायला लागते. मग डबा सापडतो, पण मावशींना. तो माझाच आहे, मला तो न्यायचा मात्र नाही, आहे तिथंच ठेवायचा आहे, हे सांगताना मला घाम फुटतो. "मग शोधत कशाला होतात?" या प्रश्नाला उत्तर अजून कुठल्याही देशातल्या जिओकॅशरकडे नाही.

परदेशी खेळाडू यावर तोडगा सुचवतात: चमकतं फ्लुरोसंट जॅकेट घाला, हातात पॅड धरा, कुणी ढुंकून बघणार नाही. आमच्याकडे जॅकेटांना तोटा नाही. मेंटेनन्सवाला ते घालून आकुर्डीच्या एका फुटपाथवर उभा राहिला आणि बघताबघता त्याच्याभोवती घोळका जमला. ड्रेनेजचं झाकण कधी बसवणार, दिवा कधी लावणार, मागच्या वेळी लिहून दिलं होतं त्याचं काय झालं? त्यानं सगळ्या तक्रारी पॅडवर उतरवून घेतल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुढं म्हणे झाकण बसलं. पण हे मेंटेनन्सवाला स्वतःच सांगतो.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्या गावात बोल्ट बनतात त्या गावात डबा बोल्टचाच हवा. अशी पोकळ बोल्टाची लपण जगात चालते: वर षटकोनी डोकं, आत पोकळी, पोकळीत कागदाची सुरळी. भोसरीच्या एका लेथवाल्याला चित्र दाखवलं. तो म्हणाला, "पोकळ करून तुम्हाला लोड काय घ्यायचाय याच्यावर?" सह्यांचा, म्हटलं. त्यानं आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चहा मागवला. पण काम फर्स्टक्लास केलं. क्वालिटीवाल्यानं आटे गेज लावून तपासले. रंग इतका जुळवून घेतला की बागेच्या रेलिंगमध्ये आधीपासून रिकाम्या असलेल्या एका भोकात तो बसवल्यावर आम्हालाच ओळखू येईना. मूळ बोल्ट काढून आपला लावणं हे या खेळात पाप आहे, म्हणून रिकामं भोक मुद्दाम हुडकलं होतं. पुढं कुणातरी कर्तव्यदक्ष माणसानं रेलिंगला नवा रंग मारला आणि शेजारची उरलेली भोकंही बुजवली. मालकानं डब्याची देखभाल स्वतः करायची असते. त्या नियमाला जागून मेंटेनन्सवाला दिवेलागणीला पाना घेऊन गेला आणि एकेक बोल्ट हळूच फिरवून बघू लागला. सार्वजनिक बागेत अंधारात बोल्ट सैल करणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं काय मत होतं, ते त्याला तिथंच कळलं. शेवटी त्यानं सगळे बोल्ट लोकांच्या देखरेखीखाली पुन्हा आवळून दिले. आमचाही त्यातच आवळला गेला. तो आजही तिथं आहे आणि माझ्या अंदाजानं पंधरा-वीस वर्षं तरी रेलिंग धरून ठेवील.

घोरावडेश्वराच्या वाटेवर किंवा खेडच्या डोंगरांत संध्याकाळी दगड उलथणारा माणूस दिसला, की लोक त्याला छांदिष्ट म्हणत नाहीत, गुप्तधनवाला म्हणतात. त्यांचं चुकत नाही. गुप्तधनापायी आपल्या राज्यात इतके भयंकर प्रकार झाले, की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांची दखल घ्यावी लागली. दगडाच्या कपारीत आम्हाला डब्याऐवजी कितीदा तरी उतारा सापडतो: लिंबू, टाचण्या, काळी बाहुली. काही घेतलं तर बदल्यात काही ठेवा, हा नियम लिंबाच्या बाबतीत आम्ही पाळत नाही. आधी काठी घालायची आणि मग हात, हा मात्र कटाक्षानं पाळतो, कारण विंचवाला शिष्टाचार माहीत नसतो.

कायद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे १८७८ चा 'इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट' आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली किमतीची कुठलीही वस्तू म्हणजे खजिना, आणि तो १० रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. परचेसवाल्यानं हे वाचलं आणि तातडीनं आमच्या डब्याची किंमत काढली: एक कीचेन, दोन गोट्या, गणपतीचा बिल्ला, एक बेअरिंग. बेअरिंगनं घात केला. तेव्हापासून आमचा खजिना नऊ रुपयांच्या आत ठेवायचं धोरण आहे.

चाकणची तऱ्हा आणखी निराळी. मोबाइल सांगतो चार किलोमीटर. चाकणचा चौक सांगतो, उद्या या. त्यातून पोचलात, तर कंपन्यांच्या कंपाउंड भिंतींपाशी मोबाइल हातात धरून जमिनीकडे बघत चालणारा माणूस सिक्युरिटीला फार आवडतो. "कुठल्या व्हेंडरकडून आलात?" व्हेंडर नाही, खेळ आहे. "कुणी पाठवलं?" उपग्रहानं. हे उत्तर देऊ नये. याच चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. आमचा रस्त्याकडेचा डबा पहिल्या भंगारवाल्यासमोर पडला.

थट्टा पुरे. काही जागी डबा ठेवायचाच नसतो. किल्ल्याच्या तटात आणि लेण्यांत नाही. शाळेजवळ, रेल्वेरुळांशेजारी, पुलाखाली नाही. देहूरोडच्या लष्करी हद्दीच्या आसपास तर मुळीच नाही. २०११ मध्ये इंग्लंडातल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर ठेवलेला असा निरुपद्रवी डबा बॉम्ब समजून लष्करी पथकानं उडवला होता. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जो बॉम्बस्फोट झाला, तो पाहिलेल्यांनी बेवारस वस्तूकडे संशयानं बघितलं तर त्यांना हसू नये. म्हणून डबा पारदर्शक घ्यावा, वर मराठीत हा काय प्रकार आहे ते लिहावं, आणि जागा ज्याची असेल त्याला आधी विचारावं. खणायचंही नाही. पहिली बादली पुरलेली होती खरी, पण आता पुरणं नियमात बसत नाही.

पावसाळ्यात वहीचा लगदा होतो. त्यावर स्टोअर्सवाल्यानं उपाय काढला आहे: पार्ट गंजू नये म्हणून एक्सपोर्टच्या पॅकिंगला वापरतात ती व्हीसीआयची पिवळी पिशवी, तिच्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि मग वही. मागच्या पावसात वही कोरडी राहिली, शिवाय बेअरिंगही गंजलं नाही.

तेव्हा, दुर्गा टेकडीच्या चढावर तुम्हाला आत पिवळी पिशवी असलेला डबा दिसला तर तो घरी नेऊ नका, पोलिसांना फोन करू नका आणि त्यात खाऊ ठेवू नका, मुंग्या येतात. वहीत नाव लिहा, झाकण टक् वाजेपर्यंत दाबा आणि होता तिथं ठेवा. पेन मात्र स्वतःचं आणा. आमचं प्रत्येक वेळी कुणीतरी नेतं, आणि बदल्यात काही ठेवत नाही.