पुढचं पाखं

पडझड झालेल्या घराच्या मदतीला कोकणात गेलात, तर पहिला गहन प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. आपण डबे बांधून नेलेले असतात, कुणालाही तोशीस द्यायची नाही असं गाडीतच ठरलेलं असतं, आणि ज्यांच्या माजघरातून थेट आभाळ दिसतंय त्या काकू विचारतात, "भात किती जणांचा टाकू?" नको म्हणून बघा. छप्पर गेल्याचं दुःख त्यांनी एकवेळ गिळलेलं असतं, पण दारी आलेला माणूस डब्यातली गार पोळी खाऊन परत गेला, हे गावात कुणाला सांगायची सोय नसते. मदतीला आलेल्यांची सोय बघणं हे आपद्ग्रस्तांच्या डोक्यावरचं एक जादाचं काम असतं. ते कुठल्याही अहवालात येत नाही.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, माड घरांवर आले, विजेचे खांब एकामागोमाग एक लोळले. काही गावं पुढे कित्येक आठवडे अंधारात होती. मृग चार दिवसांवर, आणि त्यात करोनाचं वर्ष. ई-पास काढून, तोंडाला फडकं बांधून, ताडपत्र्यांचे गठ्ठे घेऊन माणसं निघाली. जुन्या कपड्यांचे गठ्ठेही निघाले. त्यांतून जरीच्या शेरवान्या आणि स्लीव्हलेस गाऊन कोणाच्या भल्यासाठी पाठवले होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या चमूत हौस भरपूर होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कॉलेजातली पोरं आणि एक चष्मेवाला इंजिनियर, ज्याने कामाचं वेळापत्रक एक्सेलमध्ये करून आणलं होतं. त्यातली पहिली ओळ होती 'ढिगारा उपसणे'. आम्ही बाह्या सरसावल्या आणि घरमालक आजोबा आडवे आले. "हात लावू नका हो कशाला. पंचनामा व्हायचाय." पडवीवर माड आडवा, त्याच्याखाली वासे मोडलेले, फुटक्या कौलांचा खच, आणि आजोबा त्या खचाची राखण करत खुर्ची टाकून बसलेले. तलाठ्याकडे गावं कितीतरी, गावांत घरं कितीतरी. तो येईपर्यंत पडलेलं पडलेल्याच जागी राहायला हवं. आवरलेल्या घराचं नुकसान दिसत नाही. एक्सेलची पहिली ओळ तिथेच थांबली आणि आम्ही ताडपत्री बांधायला लागलो.

भरपाईचा हिशेब आजोबांनीच समजावला. सरकारने बागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली होती. ऐकायला रक्कम भरघोस. पण इकडच्या वाड्या हेक्टरात कोण मोजतो? सगळा कारभार गुंठ्यांत. शंभर गुंठ्यांचा साधारण एक हेक्टर, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. "पाचशेत पडलेली झाडं तोडायची मजुरी सुटली तर बघू," असं म्हणून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. पुन्हा लावलेली सुपारी फळावर यायला काही वर्षं जातात, आणि आजोबा ऐंशीच्या पुढचे. तरी रोपांची चौकशी त्यांनी ताडपत्री बांधून व्हायच्या आत केली होती.

खरं काम निघालं दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर. तेव्हा कळलं, की घर उभारताना ज्याला काहीच येत नाही त्यालाही काम कमी नाही. सुताराने आढं, वासे नीट करून रिपा ठोकल्या, की बाकी सगळी कौलांची ने-आण. अंगणापासून छपरापर्यंत माणसांची रांग लावायची आणि दोन-दोन कौलं हातोहात वर सरकवायची. यात पदवी, हुद्दा, वक्तृत्व यांचा काडीचा उपयोग नाही. शेजाऱ्याचे हात रिकामे झाल्याशिवाय आपली कौलं पुढे करायची नाहीत, एवढंच शिकायचं. बँकेतल्या गृहस्थांना ते सगळ्यांत चांगलं जमलं.

रांगेच्या सुरुवातीला घरच्या काकू बसल्या होत्या. ढिगातून शाबूत दिसणारं कौल उचलायचं, डाव्या तळव्यावर तोलायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक करायचं. खणखणीत वाजलं तर रांगेत. बद्द वाजलं तर आत कुठेतरी बारीक चीर आहे, ते बाजूला. डोळ्यांना दोन्ही कौलं सारखीच. मी एक 'चांगलं' कौल त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी न वाजवताच बाजूला टाकलं. म्हटलं, हे तरी कसं कळलं? "जड लागलं. पाणी प्यालंय."

या मंगलोरी कौलांचं मूळ बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढलेल्या कारखान्यात. तिथून ही कौलं पश्चिम किनाऱ्याच्या घरांवर अशी बसली, की कोकणी घराचं चित्र काढायला घेतलं तर पोर आधी लाल रंग शोधतं. त्यांची गंमत म्हणजे ती नुसती रिपेला अडकून, खाचेत खाच घालून, आपल्याच वजनावर बसलेली असतात. म्हणून दरवर्षी पावसाआधी शाकारता येतात, आणि म्हणूनच वारा आत घुसला आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती उठतात. इंजिनियरने हे सगळं आकृती काढून सांगितलं आणि सरळ पत्रे टाकायचा सल्ला दिला. आजोबांनी आकृती बारकाईने पाहिली. "कौल सुटलं तर बहुधा आपल्याच अंगणात पडतं. पत्रा सुटला की कुणाच्या मानेवर जाईल ते बघायला पोलीस यावे लागतात." शिवाय उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघायचं आणि पावसाळ्यात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. हे शेवटचं काकूंच्या दृष्टीने फायद्याचं असावं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

गोची पुढेच होती. एका दात्याने ट्रकभर नवी कौलं पाठवली होती. रंग तोच, आकारही डोळ्यांना तोच. पण कारखाना वेगळा. जुन्या कौलाच्या खाचेत नव्याची कड बसेना. मिसळून घातली तर फटींतून पाणी येणार. जुनी पुरेशी उरलेली नाहीत, आणि नवी टाकून द्यायची तर दात्याचा अपमान. आम्ही सगळे उपाय सुचवून थकल्यावर आजोबांनी निकाल दिला. छपराची दोन पाखं. पुढचं, रस्त्याकडचं, सगळं जुन्या कौलांचं होईल. मागचं, विहिरीकडचं, नव्यांचं. रस्त्याने जाणाऱ्याला घर होतं तसंच दिसलं पाहिजे.

मला वाटतं, मदतीला जाणाऱ्याची समजूत इथेच कमी पडते. संकटात सापडलेल्या माणसाने डोक्यावर छप्पर आलं यातच भरून पावावं, ते कसं दिसतं याचा विचार करू नये, अशी आपली एक छुपी अपेक्षा असते. आजोबांनी तर पुढच्या पाखाची एक ओळ वाकडी दिसते म्हणून चढवलेली कौलं पुन्हा उतरवायला लावली. रांग उलटी फिरली, आणि पोरांनी कुरकुर केली. मला मात्र त्या वाकड्या ओळीवरून त्यांनी घातलेला वाद ऐकून बरं वाटलं. जूनमध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाला कशाबद्दलच वाद घालावासा वाटत नव्हता.

इंजिनियरला वर चढायचंच होतं. सुतार नाही म्हणाला. आजोबा खालूनच म्हणाले, "मागच्या पाखावर चढू दे त्याला."

पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते वादळ कोकणाच्या समोरून, समुद्रातून गुजरातकडे गेलं. वारा इकडेही चांगलाच झाला. फोन लागला तेव्हा मी आधी घराचं विचारलं.

"पुढचं जागच्या जागी आहे," आजोबा म्हणाले. "मागची दहा-बारा सरकली. चष्मेवाल्याने घातलेली. त्याला सांगू नका, पुन्हा यायचा."