गजाआडचं घराणं

आमच्या बाबांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. नागपूरच्या आमच्या महाल भागात गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत चालत गेलं तरी त्यांना वाकून नमस्कार करणारे आठ-दहा जण भेटतात, त्यातला एखादा इंजिनिअर असतो, एखादा बँकेत मोठ्या खुर्चीवर असतो. एकच विद्यार्थी पार वाया गेला. तो त्यांनी घरीच ठेवून घेतला.

तर बाबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं, बायको आणि बहीण एक्याऐंशी दिव्यांच्या औक्षणाच्या तयारीला लागल्या, आणि मला कोणी काहीच काम सांगेना. हा अपमान गिळून मी बर्डीवर गेलो आणि एका दुकानातून प्रोजेक्टर घेऊन आलो. घराण्याचे सगळे जुने फोटो आपण भिंतीवर दाखवायचे, बारा फूट रुंद! आमच्या माजघराची भिंत बारा फुटांची आहे. खोक्यावर ‘9000 ल्यूमेन’ असं ठसठशीत छापलेलं होतं. ल्यूमेन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण नऊ हजार म्हणजे काही कमी नाहीत, एवढं गणित मला येतं.

आदल्या रात्री यंत्र लावलं तर चित्र भरलं जेमतेम साडेसहा फूट. मी बटणं दाबली, यंत्र झटकलं, शेवटी माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात ‘थ्रो रेशो 1.5’ असं लिहिलेलं. बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, “अंतर भागिले रुंदी. बारा फूट चित्र पाहिजे तर यंत्र अठरा फूट मागे न्यायचं. खोली किती आहे तुझी?” खोली दहा फूट. त्यापुढे आमची खिडकी, मग सहा फुटांची गल्ली, आणि गल्लीपलीकडे समोरच्या काकूंची खिडकी. दहा आणि सहा सोळा, म्हणजे प्रोजेक्टर काकूंच्या घरात दोन फूट आत. महालात गल्ल्या अरुंद का ठेवल्या असतील, याचं उत्तर मला त्या क्षणी सापडलं.

काकू मोठ्या मनाच्या. त्यांनी स्टूल दिलं, वर पाट दिला, पाटावर मागच्या चार वर्षांची पंचांगं रचायला दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे सतरंजीवर दाटीवाटीनं बसले, दिवे मालवले, मी गल्ली ओलांडून काकूंच्या घरात जाऊन पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं, धापा टाकत परत आलो आणि बघतो तर भिंतीवर पणजोबा, आणि त्यांच्या अंगावरून उभे सहा काळे पट्टे! सगळा झोत आमच्या खिडकीतून येत होता आणि खिडकीला गज होते. पणजोबांमागून आजोबा आले, आत्या आल्या, आईबाबांचं लग्न आलं. अख्खं घराणं गजाआड.

“काय गुन्हा केला होता जी?” मागून कोणीतरी विचारलंच.

त्यातून यंत्र खालून वर तोंड करून ठेवलेलं, त्यामुळे चित्र वर रुंद, खाली निमुळतं. पणजोबांचं पागोटं परातीएवढं आणि पाय चिमणीचे. “समलंब चौकोन,” बाबा म्हणाले. ह्यालाच प्रोजेक्टरवाले कीस्टोन म्हणतात. कमानीच्या माथ्यावर असा पाचरीसारखा दगड असतो, त्यावरून ते नाव. जन्मभर मी गांधी गेटच्या कमानीखालून ये-जा केली, कधी मान वर केली नाही. मी ते ‘करेक्शन’चं बटण दाबलं, तर पाय सुधारले आणि पणजोबांचा चेहरा मात्र अजूनच विरघळला. विरघळणारच. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “फुल एचडी सपोर्ट करते भाऊ.” सपोर्ट म्हणजे वीस लाखांवर ठिपक्यांना पंगतीचं आवतण द्यायचं, आणि यंत्राचे स्वतःचे पाट आठशे गुणिले चारशेऐंशी, म्हणजे चार लाखसुद्धा नाहीत. एकेका पाटावर पाच-पाच पाहुणे कोंबले तर पणजोबांचं नाक कुठं मावणार? चौकोनी फोटो ताणून लांबट झाले होते ते वेगळंच. माझी काडीपैलवान आत्या आपलं रूप बघून अर्धा तास बोलली नाही.

मी बचावाला कल्याणचे महादेव पटवर्धन काढले. 1892 साली ह्या माणसानं मुलांना हाताशी धरून ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ उभा केला. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, जोडीला निवेदन. सिनेमा यायचा होता तेव्हाची गोष्ट. बाबा शांतपणे म्हणाले, “त्यांचं दिसत होतं.”

मग औक्षण. एक्याऐंशी दिवे पेटले, खोली सोन्यासारखी उजळली, आणि आईबाबांचं लग्न भिंतीवरून पुसून गेलं. तेलाच्या दिव्यांपुढे माझे नऊ हजार ल्यूमेन! बाबांनी पुस्तिका मागितली, चष्मा लावला. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं : 200 ॲन्सी ल्यूमेन. नऊ हजार हा आतल्या दिव्याच्या नावानं मारलेला आकडा. ॲन्सी म्हणजे पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून काढलेली सरासरी, म्हणजे बाहेर खरोखर पडतो तो उजेड. बाबांना राहवेना. त्यांनी औक्षणाच्या ताटातली सुपारी बाजूला सारून आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. बारा गुणिले पावणेसात, एक्याऐंशी चौरस फूट, म्हणजे साडेसात चौरस मीटर. दोनशे भागिले साडेसात, सत्तावीस लक्स. पौर्णिमेचा उजेड साधारण पाव लक्स.

“शंभर चंद्र झाले,” चष्म्यावरून बघत ते म्हणाले. “बाकीचे नऊशे कुठं आहेत?”

मी सतरंजीची किनार निरखू लागलो. तेवढ्यात गल्लीपलीकडून काकूंचा आवाज आला, “काहून जी, झालं असंल तर खिडकी लावू का? मच्छर येऊन राहिले.”